बेअरिंग बदलण्यापूर्वी दांडा मोजा

विहिरीवरील पंपाची मोटर आवाज करू लागली की बेअरिंग बदलावयाचे, ही रीत गावोगाव रूढ झाली आहे. नवे बेअरिंगही थोड्याच दिवसांत खडखडू लागले, म्हणजे दोष दुकानदाराच्या मालास दिला जातो. माल निकृष्ट असू शकतो, हे खरे. परंतु एकाच जागेवरील बेअरिंग पुनःपुन्हा निकामी होत असेल, तर ते ज्या दांड्यावर बसविले आहे तो दांडा प्रथम तपासला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बैलगाडीच्या चाकावर धाव चढविणारा लोहार हे मर्म जाणतो. धाव चाकाहून किंचित लहान ठेवून तो ती तापवितो, चढवितो व पाणी ओतून आवळतो. ढिली धाव निसटते. फाजील लहान धावेमुळे आऱ्यांवर ताण येतो. बेअरिंगचेही तसेच आहे. मात्र येथील मोजमाप केसाहून बारीक असते.

उदाहरणार्थ, ६२०५ क्रमांकाच्या बेअरिंगचे छिद्र २५ मिलिमीटरचे असते. त्यासाठी दांडा सामान्यतः २५ मिलिमीटरहून २ ते १५ मायक्रॉनने जाड ठेवतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

मोटरीत दांडा फिरतो व भार एकाच दिशेने राहतो. त्यामुळे आतल्या कड्याचा प्रत्येक भाग आळीपाळीने दाबाखाली येतो. कडे जराही ढिले असेल, तर ते दांड्यावर हळूहळू सरकत राहते, दांडा झिजवते व तांबूस भुकटी पाडते. पुढे दांडा डगमगू लागतो. मोटरीच्या फिरत्या व स्थिर भागांतील फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. ती संपली की दोन्ही भाग घासतात व वाइंडिंग जळते. बेअरिंगच्या किमतीत भागणारे काम मग वाइंडिंगच्या खर्चावर जाते आणि पिकाची पाण्याची पाळी चुकते, ते नुकसान निराळेच.

याउलट, दांडा फाजील जाड असेल तर आतले कडे ताणले जाते. छर्ऱ्यांसाठी या बेअरिंगमध्ये ठेवलेली मोकळीक अवघी ५ ते २० मायक्रॉन असते. ती नाहीशी झाली की बेअरिंग तापते व ग्रीस वितळून वाहून जाते.

झिजलेल्या दांड्यावर पंचचे ठोसे मारून बेअरिंग घट्ट करण्याची प्रथा सर्वत्र आढळते. ठोशांनी उठलेली टोके थोड्याच काळात दबतात व कडे पुन्हा सरकू लागते. यात केवळ मिस्त्रीस दोष देणे न्याय्य नव्हे. “आजच चालू करून द्या” हा आपला आग्रहही त्यास कारणीभूत आहे. दांड्यावर धातू चढवून तो लेथवर योग्य मापाचा करून घेणे, हाच खरा उपाय होय. त्याचे दाम शेतकरी बांधवांनी आनंदाने द्यावे.

बेअरिंग बसवितानाही काळजी हवी. दांड्यावर चढविताना नळीचा दाब केवळ आतल्या कड्यावर द्यावा. बाहेरच्या कड्यावर हातोडा मारल्यास तो मार छर्ऱ्यांवाटे जातो व त्यांच्या वाटेवर खळगे पडतात.

ट्रॉलीच्या चाकात मात्र नियम उलटा आहे. तेथे दांडा स्थिर असून चाक फिरते. म्हणून बाहेरचे कडे चाकाच्या तुंब्यात घट्ट बसले पाहिजे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पंप-दुरुस्तीच्या प्रात्यक्षिकात काढलेले बेअरिंग फेकून न देता ते सर्वांस दाखवावे. छिद्रात चकाकी अथवा तांबूस भुकटी दिसल्यास ते ढिले होते. कडे निळसर पडले असल्यास ते अतिशय तापले होते, असे समजावे. अवजारे भाड्याने देणाऱ्या प्रत्येक केंद्रात एक चांगला मायक्रोमीटर व तो वापरू जाणणारा एक तरुण असावा. बियाणे पेरण्यापूर्वी उगवण तपासणाऱ्या शेतकऱ्यास बेअरिंग बदलण्यापूर्वी दांडा मोजणे जड वाटण्याचे कारण नाही.