बंद करण्याचा कागद

स्मृतिभ्रंशावरची गोळी सुरू होते तेव्हा कागद असतो. डोनेपेझिल 5, रात्री एक, महिन्याभरानं 10. खाली सही, शिक्का. पुढे दर खेपेला त्याच फाइलीत ‘चालू ठेवा’. काही वर्षं जातात. नवरा बायकोला ओळखेनासा होतो, जेवण निम्म्यावर येतं. मग एके दिवशी फाइल परत देताना डॉक्टर म्हणतात, ‘आता फारसा उपयोग नाही. तुम्हाला वाटलं तर बंद करा.’ हे वाक्य मात्र कागदावर उतरत नाही.

सुरू करणं लेखी आणि बंद करणं तोंडी, असं का? गोळी सुरू करणं हा वैद्यकीय निर्णय होता. मग ती थांबवणं ही बाईच्या ‘वाटण्या’ची गोष्ट कशी झाली?

प्रश्न सोपा असता तर एक वेळ चाललं असतं. 2018च्या जूनमध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनं सांगितलं, की केवळ आजार बळावला म्हणून डोनेपेझिलच्या गटातली औषधं थांबवू नका. त्याच वर्षी 1 ऑगस्टपासून फ्रान्सनं या गटातली तीन आणि स्मृतिभ्रंशावरचंच मेमॅन्टिन, अशी चारही औषधं सरकारी भरपाईतून काढून टाकली. फायदा पुरेसा नाही, हे त्यांचं कारण. जाणत्या तज्ज्ञांचे दोन देशांत दोन निष्कर्ष निघाले. तोच प्रश्न आपल्याकडे केबिनच्या दाराशी एका थकलेल्या बाईच्या हातात दिला जातो. तोही पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेल्यावर.

गोळी थांबवायला सबळ कारणं असतात. भूक मरते, वजन घटतं, नाडी मंदावते, चक्कर येऊन माणूस पडतो. लघवीवरचा ताबा सुटला की त्यासाठी दुसरी गोळी येते. अशा गोळ्यांतल्या काही तर पहिल्या गोळीच्या नेमकं उलट काम करणाऱ्या असतात आणि दोन्ही एकाच डबीत राहतात. दुसरी बाजूही खरी आहे. ब्रिटनमध्ये घरी राहणाऱ्या 295 रुग्णांवर झालेल्या ‘डॉमिनो’ चाचणीत डोनेपेझिल थांबवलेल्यांचं पहिल्या वर्षात शुश्रूषागृहात जाण्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट निघालं. पुढच्या तीन वर्षांत तो फरक उरला नाही. आपल्याकडे अशी शुश्रूषागृहं मोजकी आणि महाग. तिथे जो भार संस्थेवर गेला, तो इथे त्याच बाईच्या अंगावर येतो.

म्हणूनच कागद हवा. गोळी एका रात्रीत तोडायची नसते. मात्रा निम्मी करायची, चार आठवडे थांबायचं, सर्वांत कमी मात्रेवर आलं की बंद. पॅच असेल तर तो कात्रीनं अर्धा करायचा नसतो, कमी ताकदीचा आणायचा असतो. हे कुणी लिहून दिलं नाही तर घरातलं माणूस ते कुठून जाणणार?

त्याहून महत्त्वाचं पुढचं. नंतर नवरा बिघडला तर ते गोळी बंद केल्यामुळे, की आजारामुळे? हा प्रश्न त्या बाईला झोपू देत नाही. त्याला ढोबळ का होईना, उत्तर आहे. पहिल्या आठवड्यातच एकदम बिघडलं, तर बहुधा औषध तुटल्याची प्रतिक्रिया. लगेच फोन करायचा, आधीची मात्रा सुरू करायची. दोन ते सहा आठवड्यांत हळूहळू खालावलं, तर गोळीचा काही उपयोग होत होता. पुन्हा सुरू करण्याचा विचार करता येतो. तीन महिन्यांनंतर खालावलं, तर तो बहुधा आजार आपल्या वाटेनं पुढे गेलेला असतो. एवढं कळलेली बाई ‘थांबवून बघूया’ असं म्हणू शकते. न कळलेलीला वाटतं, आपण आशा सोडली. मग परगावच्या मुलाचा फोन येतो, ‘बाबांची गोळी कुणाला विचारून बंद केलीस?’ तिच्याजवळ दाखवायला काही नसतं.

तिचं मत विचारूच नये, असं नाही. आधी विचारावं. तो पाणी मागतो का, ताटातलं स्वतः खातो का, रात्री कितीदा उठतो, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. तिची ही माहिती फाइलीत नोंदवावी आणि निर्णय डॉक्टरांनी तिच्यासोबत बसून घ्यावा. बाह्यरुग्ण विभागातली गर्दी खरी आहे. पण ओळी जेमतेम चारच लागतात: मात्रा कशी उतरवायची, काय पाहायचं, पुन्हा केव्हा सुरू करायचं, फोन कुणाला करायचा. खाली सही, शिक्का.