पुरुषांना पुरुष झाले!

आमच्या राहात्यात गेल्या चैत्रात एका कुलवृत्तान्त-मंडळाचा छापील तक्ता माझ्या हाती आला. 'आपली शाखा भरून पाठवावी' अशी विनंती. रकाने पाहिले. आजोबा, वडील, मुलगे. बायकोला एक चिमुकला कंस. मुलींना तोही नाही. परक्याने वाचला तर त्याला वाटावे, या कुळात पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांना पुरुष होत आले!

मी हरकत घेतली, तर मंडळाचे गृहस्थ म्हणाले, "अहो, रीतच आहे ती. पेशव्यांची वंशावळ पाहा." ठीक आहे, पाहू.

त्यासाठी पुण्यास जाण्याचे कारण नाही. शिर्डी ओलांडून कोपरगावास गेले, की गोदाकाठी राघोबादादांचा वाडा आहे. १७८२ च्या सालबाईच्या तहाने दादांची पेशवाईची आशा संपली. ते कोपरगावी येऊन राहिले आणि ११ डिसेंबर १७८३ रोजी वारले. मागे दत्तक अमृतराव, नववे सरत आलेला बाजीराव आणि गरोदर आनंदीबाई. चिमाजीआप्पा जन्मला तो १७८४ साली, बाप गेल्यावर. शाळेच्या इतिहासात छापतात त्या झाडावर मात्र रघुनाथरावांच्या नावाखाली नुसत्या फांद्या फुटतात. भुस्कुट्यांच्या घरून आलेल्या अमृतरावाला त्यात फांदी आहे. ओकांच्या घरून आलेल्या आनंदीबाईला पानसुद्धा नाही. तेव्हा हा रक्ताचा हिशेब आहे, ही सबबही टिकत नाही.

त्याआधीचे पाहा. १७७३ च्या ऑगस्टात नारायणरावांचा खून झाला आणि भले भले कारभारी पुरंदरावर गंगाबाईंच्या बाळंतपणाकडे डोळे लावून बसले. १८ एप्रिल १७७४ ला मूल झाले. चाळीस दिवसांच्या त्या पोराला पेशवाईची वस्त्रे मिळाली. तेच सवाई माधवराव १७९५ त निपुत्रिक गेले. मग १७९६ त कारभाऱ्यांनी काय करावे? चिमाजीआप्पाला यशोदाबाईंच्या मांडीवर दत्तक दिले. म्हणजे चुलत काका पुतण्याचा मुलगा झाला! ते दत्तविधान पुढे रद्द ठरले, ते सोडा. ज्या मांडीवर दौलत ठेवली, तिचे नाव झाडावर शोधून दाखवा.

आनंदीबाई लोकांना आठवते खरी, पण 'ध'चा 'मा' करणारी म्हणून. ती मूळ चिठ्ठी आजवर कुणीही पुढे ठेवलेली नाही. वारशाला बाई नको, खुनाला मात्र हवी, हा न्याय मला मान्य नाही.

"नावे मिळत नाहीत हो," असेही ते गृहस्थ म्हणाले. विचारली कुणी? गोपिकाबाईंची पत्रे छापून झाली आहेत. पण पेशव्यांचे राहू द्या. माझ्या पणजीचे माहेरचे नाव मला साकुरीच्या आत्याने पाणी पिता पिता सांगितले. वर म्हणाली, "इतक्या वर्षांत तूच पहिला विचारतोयस."

तक्त्याचे रकाने खोडून मी ती नावे समासात लिहिली, दोन्ही बहिणींची, त्यांच्या मुलामुलींचीही, आणि तक्ता परत धाडला. मंडळाकडून अजून पोच नाही.