आधी मोजा, मग बदला



शहापूर तालुक्यातील शेणवा, किन्हवली, डोळखांब या भागात मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. दूध घालायला, शेतावर खताची गोणी न्यायला, पहाटे आसनगावची लोकल गाठायला तिच्यावाचून चालत नाही. अशी गाडी एखाद्या सकाळी बटण दाबूनही सुरू होत नाही. "बॅटरी गेली," असे कोणीतरी म्हणते. हजार-दीड हजार रुपये खर्चून नवी बॅटरी बसते, गाडी सुरू होते आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तीच रड! मग दुकानदाराला बोल लावला जातो, बॅटरीच्या कंपनीला नावे ठेवली जातात. बॅटरी रिकामी झाली होती हे खरेच. परंतु ती भरली का जात नाही, हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो.

माझे स्पष्ट मत असे आहे की, या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची विद्या दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शाळेतच मिळाली पाहिजे. त्यासाठी लागणारे सिद्धांत तुमच्या पुस्तकात आहेतच. नववीत 'धाराविद्युत' आणि दहावीत 'विद्युतधारेचे परिणाम' हे पाठ तुम्ही शिकता. कमी पडते ते मोजण्याचे धाडस आणि सवय.

गाडीची चार्जिंगची व्यवस्था म्हणजे तीन कड्यांची साखळी होय. पहिली कडी स्टेटर, म्हणजे आपले मेकॅनिक ज्याला 'कॉइल' म्हणतात ती. तिच्याभोवती इंजिनाबरोबर चुंबक फिरतात आणि मायकेल फॅरडे यांनी 1831 साली दाखवून दिलेल्या प्रवर्तनाच्या नियमानुसार तारेत प्रत्यावर्ती विद्युतधारा निर्माण होते. दुसरी कडी रेग्युलेटर-रेक्टिफायर. यातील डायोड प्रत्यावर्ती धारेचे दिष्ट धारेत रूपांतर करतात आणि नियामक भाग व्होल्टेज मर्यादेबाहेर जाऊ देत नाही. तिसरी कडी बॅटरी. कोणतीही एक कडी तुटली, तरी भोगते ती बॅटरीच!

आता मल्टिमीटर हाती घ्या. दिष्ट धारेच्या 20 व्होल्ट मर्यादेवर तो लावा आणि रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीचे विभवांतर मोजा. बॅटरीत सहा घट असतात आणि भरलेला प्रत्येक घट सुमारे 2.1 व्होल्ट देतो. म्हणून 12.6 ते 12.8 व्होल्ट आले, तर बॅटरी भरलेली आहे. 12 च्या आसपास किंवा खाली आले, तर ती जवळजवळ रिकामी आहे. मग गाडी सुरू करून इंजिनाचा वेग थोडा वाढवा. विभवांतर साधारण 13.5 ते 14.8 व्होल्टपर्यंत चढले पाहिजे. ते साडेबारावरच रेंगाळत असेल, तर चार्जिंग होत नाही. 15 च्या वर जात असेल, तर नियामक काम करीत नाही. केवळ दोन मोजमापांत अर्धा निकाल लागला!

चार्जिंग होत नसेल, तर आधी डोळ्यांनी पाहा. स्टेटर आणि रेग्युलेटर यांना जोडणारा कपलर पुष्कळदा सैल होतो, काळवंडतो किंवा वितळतो. तो ठीक असल्यास इंजिन बंद करून कपलर सोडवा. अनेक गाड्यांत स्टेटरकडून एकाच रंगाच्या तीन तारा येतात. त्यांतील कोणत्याही दोन तारांमधील रोध सारखाच यावयास हवा. प्रत्येक तार आणि इंजिनाचे धातूचे अंग यांत मात्र कोणताही संबंध दिसता कामा नये. येथे एक खुबी आहे. कॉइलचा रोध बहुधा एक ओहमहूनही कमी असतो आणि मीटरच्या स्वतःच्या तारांचाच रोध दोन-तीन दशांश ओहम भरतो! म्हणून प्रथम मीटरची दोन टोके एकमेकांना टेकवून येणारा आकडा टिपा आणि तो प्रत्येक मापातून वजा करा. कोणतेही उपकरण आपले काहीतरी मापात मिसळतेच. हे एकदा स्वतः अनुभवलेला विद्यार्थी ते आयुष्यात विसरणार नाही.

रोध बरोबर आला म्हणून कॉइल निर्दोष ठरत नाही. तापल्यावर किंवा वेगात तिचे रोधक आवरण दगा देऊ शकते. यासाठी कपलर सोडवलेल्या स्थितीतच इंजिन सुरू करून, मीटर प्रत्यावर्ती व्होल्टच्या 200 मर्यादेवर लावून दोन-दोन तारांमध्ये मोजा. समजा, मिनिटाला 1500 फेऱ्यांना 20 व्होल्ट आले, तर 3000 फेऱ्यांना सुमारे 40 व्होल्ट यावयास हवेत. फेऱ्या दाखवणारा काटा गाडीला असेल, तर पाच-सहा मापे घेऊन आलेख काढा. सरळ रेषा आली, की फॅरडेचा नियम तुमच्या अंगणात सिद्ध झाला! तिन्ही जोड्यांत सारखे व्होल्ट आले, तर स्टेटर सुटला. संशय रेग्युलेटरवर जातो. त्यातील डायोड मीटरच्या डायोड-खुणेवर एका दिशेने सुमारे 0.4 ते 0.7 व्होल्ट दाखवतात, उलट दिशेने काहीच नाही. दोन्ही दिशांना सारखेच दिसले, तर तो डायोड निकामी.

काही पथ्ये मात्र पाळा. गाडी न्यूट्रलमध्ये, उघड्यावर, स्टँडवर असावी आणि जवळ जाणते माणूस असावे. वेगात स्टेटरचे व्होल्ट 50 च्या पुढे जातात, तेव्हा उघड्या टोकांना हात लावू नये. अँपिअर मोजण्याच्या जागी तार ठेवून मीटर बॅटरीच्या दोन टोकांना कधीही जोडू नये. प्रत्येक मॉडेलचे नेमके आकडे त्याच्या दुरुस्ती-पुस्तिकेत पाहावेत.

हे सारे आज अधिक महत्त्वाचे का? 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिन चालू असेतोवर आपोआप पेटता राहतो. 35 वॅटचा दिवा 12 व्होल्टवर सुमारे 3 अँपिअर धारा घेतो. चार्जिंग बंद पडले असेल, तर 5 अँपिअर-तासांची बॅटरी दीड-पावणेदोन तासांत संपेल. आसनगावहून घरी येईपर्यंत काहीच कळत नाही, कळते ते दुसऱ्या दिवशी सकाळी! शिवाय 2020 पासून बहुतेक नव्या गाड्यांत इंधन-पंप आणि इंजिनाचे नियंत्रण विजेवरच चालते. बॅटरी पार झोपली, तर ढकलूनही निभाव लागेलच असे नाही.

काही शिक्षक म्हणतील, "मुलांच्या हाती मीटर दिला, की तो बिघडतो." बिघडेल, एखादा फ्यूज उडेल. परंतु साधा डिजिटल मीटर आज दोन-तीनशे रुपयांत मिळतो, आणि कपाटात कुलूपबंद राहिलेला मीटर बिघडलेल्या मीटरइतकाच निरुपयोगी नाही काय? 1923 साली इंग्लंडमध्ये टपाल खात्यातील अभियंता डोनाल्ड मॅकॅडी यांच्या कल्पनेतून अँपिअर, व्होल्ट आणि ओहम ही तिन्ही मोजणारे एकच उपकरण बाजारात आले, ते कामावर नेता यावे म्हणूनच. आज आपल्या नाशिकमध्येही मल्टिमीटर तयार होतात. आधी टॉर्चच्या सेलवर हात बसवावा, मग शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या एखाद्या शिक्षकांच्याच गाडीची तपासणी करावी. प्रात्यक्षिकाच्या वहीला याहून चांगला प्रयोग कोणता?

यात मेकॅनिकचा अनादर मुळीच नाही. नुसत्या आवाजावरून इंजिनाचा दोष सांगणारे कसबी हात आपल्या तालुक्यात आहेत. परंतु वीज दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, तेथे अनुभवी कानालाही मीटरची सोबत हवी. तुम्ही टिपलेले चार आकडे घेऊन त्यांच्याकडे जा; ते कौतुकाने पाहतील आणि कदाचित तुमच्या घरचे हजार रुपयेही वाचतील. येत्या रविवारी वडिलांची किंवा काकांची परवानगी घेऊन एवढे एकच काम करा: बॅटरीचे विभवांतर मोजा, एकदा गाडी बंद असताना आणि एकदा सुरू असताना. दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवा.