चूर्णाची जाहिरात ऐकली, डबी वाचली का?

शेतकरी बंधूंनो, आठवडे बाजारात पोटासाठी त्रिफळा चूर्ण घेता ना? मग हे वाचाच. आयुर्वेदिक औषधाची जाहिरात देण्याआधी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी, असा नियम १७० केंद्राने २०१८ मध्ये आणला होता. १ जुलै २०२४ रोजी तो वगळला. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टात त्याला स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रकरण बंद झाले, स्थगितीही संपली. आक्षेपार्ह जाहिरातींचा १९५४ चा कायदा आहे, पण तो जाहिरात झाल्यावर धावतो. तोवर पुडी पोटात गेलेली असते.

तेव्हा राखण आपणच करायची. डबीवर परवाना क्रमांक, बॅच नंबर, मुदत नसेल तर घेऊ नका, विकणारा कितीही गोड बोलो.

आता मालाचं. हिरडा, बेहडा, आवळा ओलसर राहिला की भुईमुगासारखीच बुरशी धरतो, आणि दळल्यावर ती दिसत नाही! घरी करणार असाल तर काळी पडलेली फळं निवडून टाका, बिया काढा, कडकडीत वाळवूनच दळा.

रात्री कोमट पाण्यासोबत अर्धा चमचा पुरे. जुलाब लागले तर बंद करा. गरोदर बायकांनी, तसंच साखरेच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. शौचातून रक्त पडत असेल तर चूर्ण ठेवा बाजूला, सरळ प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनो, बाजारात बिनलेबलाची पुडी दिसली तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाला लेखी कळवा.