कायदा कडक आहे, शिस्त सैल आहे

अमली पदार्थांविरुद्धच्या केंद्रीय कायद्याला १४ नोव्हेंबर २०२५ रोजी चाळीस वर्षे पूर्ण झाली. ‘गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५’ असे त्याचे भारदस्त नाव आहे. व्यवहारात मात्र तो इंग्रजी आद्याक्षरांनी ‘एनडीपीएस’ म्हणूनच ओळखला जातो. १९८९, २००१, २०१४ आणि २०२१ अशा चार वेळा संसदेने त्यात दुरुस्त्या केल्या. तरीही एखादी मोठी धाड पडली की, ‘कायदा आणखी कडक करा’ ही मागणी दर वेळी नव्याने होते. या कायद्यात कडकपणाची खरोखरच उणीव आहे काय, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो.

ठाणे जिल्ह्यात मानपाडा नावाची दोन ठिकाणे आहेत. एक ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर, दुसरे डोंबिवली पूर्वेला कल्याण-शीळ रस्त्यालगत. दोन्हींचा कारभार ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या अखत्यारीत येतो आणि दोन्हींचा कायापालट एकाच रीतीने झाला. शेते व पाडे मागे हटले, उंच इमारती उभ्या राहिल्या आणि कर्जाचे हप्ते भरण्यासाठी पहाटेची लोकल पकडणारी कुटुंबे तेथे राहावयास आली. डोंबिवलीच्या मानपाड्याशेजारी औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखानेही आहेत. आईबाप दिवसभर मुंबईत, मुले दिवसभर मोकळी आणि हाताशी पैसा, असे हे उपनगरी जीवन आहे. अमली पदार्थांचा किरकोळ व्यापार अशाच वस्तीत गिऱ्हाईक शोधतो. म्हणून या कायद्याचे बरेवाईट परिणाम सर्वांत आधी अशा वस्त्यांनाच जाणवतात.

गर्दपासून ‘एमडी’पर्यंत

१९८५ पूर्वी आपल्याकडे १८५७ व १८७८ चे अफूविषयक कायदे आणि १९३० चा घातक औषधिद्रव्यांचा कायदा लागू होता. त्यांतील कमाल शिक्षा तीन वर्षांची, पुन्हा गुन्हा केल्यास चार वर्षांची. ऐंशीच्या दशकात अफगाणिस्तान-पाकिस्तानकडून येणाऱ्या हेरॉइनचा ओघ भारतमार्गे वाहू लागला आणि ब्राऊन शुगर मुंबईच्या गल्ल्यांत पोहोचली. मराठी वाचकांना ‘गर्द’ हा शब्द त्याच काळात, मुख्यतः अनिल अवचट यांच्या लेखनामुळे परिचित झाला. १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रही सुरू झाले. राजीव गांधी यांच्या सरकारने आणलेल्या नव्या कायद्याने गांजासारखे काही अपवाद वगळता बहुतेक गुन्ह्यांना किमान दहा वर्षांची सक्तमजुरी ठरवली. १९८९ मध्ये मोठ्या साठ्याचा गुन्हा पुन्हा करणाऱ्यास मृत्युदंड अनिवार्य करण्यात आला. ही सक्ती मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये घटनाबाह्य मानली आणि तो दंड न्यायाधीशाच्या विवेकावर सोपवला. २०१४ मध्ये संसदेनेही ते स्वीकारले.

या धोरणाचा मोठा दोष असा होता की, त्यात लहान मासा आणि मोठा मासा एकाच जाळ्यात सापडे. २००१ च्या दुरुस्तीने तो काही अंशी दूर केला. पदार्थाच्या वजनानुसार अल्प, मधले आणि व्यापारी असे तीन टप्पे ठरले. हेरॉइनसाठी ५ ग्रॅम अल्प, २५० ग्रॅम व्यापारी. गांजासाठी १ किलो आणि २० किलो. चरससाठी १०० ग्रॅम आणि १ किलो. अल्प प्रमाणाला आज कमाल एक वर्षाची शिक्षा आहे, व्यापारी प्रमाणाला किमान दहा आणि कमाल वीस वर्षांची. तत्त्व निःसंशय योग्य होते. परंतु ज्या कायद्यात तराजूच्या काट्यावर माणसाची दहा वर्षे ठरतात, तेथे तराजू, नमुना आणि प्रयोगशाळा या तिन्ही गोष्टी निर्दोष असाव्या लागतात.

नावांमागे धावणारा कायदा

हा कायदा पदार्थ नावानिशी बांधतो. रसायनशास्त्र त्या नावापुढे पळत असते. मेफेड्रोन ऊर्फ ‘एमडी’ याचे उदाहरण आपल्या भागातील पालकांना सांगावयास नको. मुंबई-ठाण्यात या भुकटीने शाळा-महाविद्यालयांपर्यंत मजल मारली, तेव्हा ती या कायद्याच्या यादीतच नव्हती. फेब्रुवारी २०१५ मध्ये तिचा समावेश झाला. तोपर्यंत विक्रेता पकडला तरी त्याला या कायद्याची कलमे लावणे अशक्य होते. आज २ ग्रॅम हे तिचे अल्प आणि ५० ग्रॅम हे व्यापारी प्रमाण आहे.

अफू, चरस, गांजा हे शेतातले पदार्थ. एमडी हा कारखान्यातला. २०२३ मध्ये नाशिकजवळ शिंदे येथे आणि २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत सापडलेल्या कारखान्यांनी हे पुरते स्पष्ट केले. कुरकुंभच्या प्रकरणात पुण्यापासून दिल्लीपर्यंत मिळून दीड हजार किलोंहून अधिक एमडी जप्त झाले. इतका माल कोपऱ्यावरच्या टपरीत तयार होत नाही. त्यासाठी जागा, वीज, यंत्रे, कच्ची रसायने आणि रसायनशास्त्राचा पदवीधर लागतो. यांतील प्रत्येक गोष्टीची नोंद कोणत्या ना कोणत्या सरकारी कार्यालयात असते, निदान असावयास हवी.

ठाणे पोलिसांनी २०१६ मध्ये उघडकीस आणलेले एफेड्रिन प्रकरण या दृष्टीने बोधप्रद आहे. एफेड्रिन हे स्वतः औषध. पण त्यापासून घातक मादक पदार्थ बनतो म्हणून कायद्याने ते नियंत्रित ठरवले आहे. त्याचे उत्पादन, साठा, विक्री या सर्वांचा हिशेब ठेवणे बंधनकारक आहे. असे असताना सोलापूरच्या एका परवानाधारक औषध कारखान्याशी निगडित असा कित्येक टनांचा साठा पोलिसांच्या हाती लागला; त्याची किंमत त्यांनी सुमारे २,००० कोटी रुपये सांगितली. वर्तमानपत्रांचे मथळे मात्र गाजले ते त्यात गोवल्या गेलेल्या एका माजी अभिनेत्रीच्या नावाने. तिच्याविरुद्धची फिर्याद पुराव्याअभावी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. हिशेबाच्या वह्या कोण तपासत होते, हा खरा प्रश्न त्या गदारोळात बाजूला पडला.

वजन कशाचे धरावे?

एप्रिल २०२० मध्ये हिरासिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक दूरगामी निर्णय दिला. मादक पदार्थात खडूची पूड, साखर वा अन्य काही मिसळलेले असेल, तर शुद्ध पदार्थाचे नव्हे, संपूर्ण मिश्रणाचे वजन धरावयाचे. यामागचा युक्तिवाद समजण्याजोगा आहे. रस्त्यावर शुद्ध हेरॉइन मिळत नाही. मिश्रण हेच विकले जाते आणि मिश्रणच जीव घेते. परंतु हा नियम खोकल्याच्या औषधाला लावून पाहावा. शंभर मिलिलिटरच्या बाटलीत साधारणतः २०० मिलिग्रॅम कोडीन असते. औषधोपचाराच्या परिघाबाहेर, बेकायदा साठा म्हणून अशा दहा बाटल्या एखाद्या तरुणाकडे सापडल्या, तर प्रत्यक्ष कोडीन भरते २ ग्रॅम. कोडीनचे अल्प प्रमाण १० ग्रॅम आहे. द्रवासह वजन केले, तर ते व्यापारी प्रमाणाच्या १ किलोच्या वर जाते. म्हणजे एका हिशेबाने कमाल एक वर्ष, दुसऱ्या हिशेबाने किमान दहा वर्षे.

व्यापारी प्रमाण ठरले की कलम ३७ लागू होते. आरोपी दोषी नाही असे मानण्यास सबळ कारण आहे आणि सुटल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी खात्री पटल्याखेरीज न्यायालयाला जामीन देता येत नाही. आरोपपत्रासाठी तपास यंत्रणेला १८० दिवस मिळतात. शिवाय माल जवळ सापडला की, गुन्हेगारी हेतू गृहीत धरला जातो आणि तो नव्हता हे आरोपीने सिद्ध करावयाचे असते. खटल्याला फार विलंब झाल्यास जामीन देता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले खरे; पण तो विलंब तुरुंगात काढावा लागतोच.

इतक्या असाधारण अधिकारांना आळा म्हणून कायद्याने काही पथ्येही घालून दिली आहेत. रात्रीच्या झडतीपूर्वी कारणे लिहून ठेवावीत. अंगझडती राजपत्रित अधिकारी वा दंडाधिकाऱ्यासमोर घेण्याचा हक्क संशयितास सांगावा. जप्त मालाचे नमुने दंडाधिकाऱ्यासमक्ष काढावेत. ही पथ्ये मोडली की आरोपी सुटतो आणि आपण ‘तांत्रिक मुद्द्यावर सुटला’ असे चडफडत म्हणतो. वस्तुतः जेथे कागदाच्या पुडीवर दहा वर्षे अवलंबून आहेत, तेथे ती पुडी कोणी, कोठे, कोणासमक्ष बांधली यापेक्षा मूलभूत मुद्दा दुसरा कोणता असणार? २०१५ मध्ये मुंबईच्या एका पोलीस शिपायाकडे शंभराहून अधिक किलो एमडी सापडल्याचे जाहीर झाले. पुढे प्रयोगशाळेच्या अहवालात ती पूड चिनी खाद्यपदार्थांत घालतात ते अजिनोमोटो निघाली! प्रयोगशाळेचा शब्द येण्यापूर्वी निकाल देण्याची घाई किती धोक्याची, याचा याहून ठळक पुरावा नको.

कायदेमंडळही या सैलपणातून सुटलेले नाही. २०१४ च्या दुरुस्तीत व्याख्यांचे क्रमांक बदलले. पण व्यापाराला पैसा पुरवणाऱ्यांसाठी असलेल्या कलम २७-अ मधील संदर्भ तसाच राहिला. परिणामी हे अत्यंत कडक कलम कागदावर निरर्थक झाले आणि ही चूक दुरुस्त व्हावयास २०२१ साल उजाडले. सात वर्षे त्या कलमाखाली लोकांना अटक होत राहिली.

मकोकाची जोड

महाराष्ट्र विधिमंडळाने २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात, म्हणजे मकोकात, अमली पदार्थांच्या गुन्ह्यांचा समावेश करणारे विधेयक संमत केले. टोळ्यांच्या म्होरक्यांना हात घालावयाचा तर अशा साधनाची गरज आहे, हे म्हणणे अगदीच निराधार नाही. मकोका एकट्यादुकट्या व्यसनी मुलाला लावता येत नाही. त्यासाठी टोळी, पूर्वीची आरोपपत्रे आणि वरिष्ठांची मंजुरी लागते. तथापि एक गोष्ट नजरेआड करता येणार नाही. अमली पदार्थविरोधी अधिकाऱ्यांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने तोफानसिंग खटल्यात ऑक्टोबर २०२० मध्ये बहुमताने ठरवले. मकोकाखाली मात्र पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब ग्राह्य धरता येतो. जो दरवाजा न्यायालयाने पुढून बंद केला, तो मागून उघडला जाणार असेल, तर निदान विधिमंडळात त्याची सांगोपांग चर्चा व्हावयास हवी.

विसरलेली कलमे

याच कायद्यात दुसरीही एक बाजू आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेल्या व्यसनाधीन माणसाने स्वेच्छेने मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचार घेतले, तर कलम ६४-अ अन्वये त्याच्यावरील खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र ही सवलत जाते. कलम ३९ अन्वये न्यायालय दोषी व्यसनीस तुरुंगाऐवजी उपचारासाठी पाठवू शकते. कलम ७१ शासनाला उपचार केंद्रे उघडण्याचा अधिकार देते. केंद्र सरकारच्या सांगण्यावरून एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात गांजा-भांग घेणारे सुमारे ३.१ कोटी आणि अफूजन्य पदार्थ घेणारे सुमारे २.२६ कोटी आढळले. एवढ्या लोकांना मावतील इतके तुरुंग कोणत्याही राष्ट्राजवळ नाहीत, आणि असते तरी त्याने व्यसन सुटले नसते.

पण या कलमांचा लाभ घ्यावयाचा तर ती कोणी तरी सांगावी लागतात आणि जवळपास उपचाराची सोय असावी लागते. मुलाच्या खिशात पुडी सापडलेला कारकून बाप पोलिसांकडे जाण्यास भितो आणि डॉक्टरकडे जाण्यास लाजतो. तो गप्प बसतो, तोवर मुलगा स्वतःच्या खर्चासाठी चार मित्रांना विकू लागतो आणि कायद्याच्या लेखी व्यसनी न राहता विक्रेता होतो. शिक्षकांनी आणि पालकांनी ही मधली वेळ साधली पाहिजे. आणि ती साधता यावी म्हणून प्रत्येक तालुक्यात मान्यताप्राप्त उपचार केंद्र आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात कलम ६४-अ ची माहिती देणारा फलक असणे ही शासनाची जबाबदारी आहे.

तेव्हा शिक्षेची आणखी एक पायरी चढवण्याने फार काही साधणार नाही. मृत्युदंडापर्यंतच्या शिक्षा पुस्तकात आहेतच. कमतरता आहे ती रसायनांचे हिशेब तपासणाऱ्या निरीक्षकांची, वेळेत अहवाल देणाऱ्या प्रयोगशाळांची, पंचनामा नीट लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांची आणि उपचारांच्या खाटांची. या गोष्टींना मथळ्यांत जागा मिळत नाही, म्हणून त्यांवर खर्च करण्यास कोणी उत्सुक नसते. मानपाड्यातील एखाद्या नाक्यावर दोन ग्रॅमची पुडी पकडली गेली, तर ती बातमी होते. ती पुडी ज्या टनांतून आली, ते टन ज्या दिवशी कारखान्याच्या दारातच अडतील, त्या दिवशी कदाचित कसलीच बातमी होणार नाही. कायद्याचे यश त्या दिवसाच्या शांततेत मोजावे लागेल.