पंधरा मिनिटांची यादी जाते कुठे?

फेब्रुवारीत कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज पडतो, ‘कॅम्पस बर्ड काउंट आहे, सकाळी सातला गेटवर या.’ निम्मे जण नंतरच्या चहासाठी येतात. पंधरा मिनिटं पक्षी मोजायचे, यादी ई-बर्डवर टाकायची, सेल्फी काढायचा, संपलं. त्या यादीचं पुढे काय होतं, हे कोणी विचारत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात, नीलगिरी-अनामलाईच्या उंच माथ्यांवर शोला नावाची थंड, दाट जंगलं आहेत. शोलाकिली हा तिथला छोटा गाणारा पक्षी. तो खालच्या गरम दऱ्यांत राहत नाही, त्यामुळे प्रत्येक डोंगरमाथा त्याच्यासाठी एक बेटच. पालघाट खिंडीच्या उत्तरेला एक शोलाकिली, दक्षिणेला दुसरी!

असा पक्षी किती धोक्यात आहे, हे ‘आययूसीएन’ ही जागतिक संस्था ठरवते आणि त्यात तो किती जागेत राहतो हे महत्त्वाचं असतं. पण नकाशावर ढोबळ रेघ ओढली की चहाचे मळे, दऱ्या, गावं सगळंच आत येतं. २०१७ मध्ये संशोधकांनी हौशी निरीक्षकांच्या ई-बर्डवरच्या नोंदी वापरून घाटातल्या १८ प्रदेशनिष्ठ पक्ष्यांचे नकाशे तपासले. १७ पक्ष्यांची जागा नकाशात फुगवलेली निघाली. १० पक्ष्यांचा धोक्याचा दर्जा वाढवायला हवा, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे पक्षी सुरक्षित होते, पण कागदावर.

हौशी पोरांच्या नोंदींवर भरवसा ठेवायचा का? एकट्या यादीवर नाहीच. पण ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’च्या २०२३ च्या अहवालामागे ३० हजार निरीक्षकांच्या ३ कोटी नोंदी आहेत. अट एकच, दिसलेला प्रत्येक पक्षी लिहायचा, अगदी कावळा-साळुंकीसकट. तरच एखादा पक्षी तिथे दिसला नाही, हेसुद्धा कळतं. आपण मात्र दुर्मीळ पक्ष्याचा फोटो टाकतो आणि कावळा सोडून देतो.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. आपण सगळे हिवाळ्यात, वीकेंडला, रस्त्याच्या कडेनेच मोजतो. केरळने हे टाळलं. २०१५ ते २०२० या काळात हजारावर स्वयंसेवकांनी राज्यभरातले सुमारे ४ हजार चौकोन पालथे घातले, कोरड्या दिवसांत आणि पावसाळ्यातही. कुठला चौकोन मोजायचा, हे त्यांच्या आवडीवर नव्हतं.

आपल्या सह्याद्रीत शीळकरी कस्तूर पावसात गातो. तेव्हा आपण धबधब्याखाली असतो, गाणी लावून. जुलैत आमचा ग्रुप भीमाशंकरला जातोय. ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवायचा की नाही, यावर भांडण चालू आहे.