वाजवणारे हात

वाद्य घेतलेली स्त्री हा राजा रविवर्मांचा आवडता विषय. 1874 मधल्या स्वरबत वाजवणाऱ्या तमिळ स्त्रीपासून तो त्यांच्या कामात पुन्हा पुन्हा येत राहिला. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या 1889 च्या चित्रात तर निरनिराळ्या प्रांतांतल्या अकरा जणी एकत्र आल्या आहेत. पुढे 1894 मध्ये घाटकोपरला त्यांचा छापखाना निघाला आणि वीणाधारी सरस्वती घरोघरी भिंतीवर आली.

जरीचा काठ, त्वचेचा ओलावा, दागिन्यांची चमक यांत रविवर्मांचा हात धरणारा कोणी नाही. तरी त्या अकरा जणींच्या चित्रात मैफल रंगलेली वाटत नाही. नजरा चहूकडे पांगलेल्या, वाद्यं पेहरावाचाच भाग झालेली. भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकर रविवर्मांसमोर मॉडेल म्हणून बसल्या, असं सांगतात. 1958 मध्ये संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळवणाऱ्या या गायिकेचं रूप चित्रांत उतरलं. गाणं मात्र बाहेरच राहिलं.

आपल्या मराठवाड्यात याचं उत्तर दीड हजार वर्षांपूर्वीच रंगवून ठेवलेलं आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात, महाजनक जातकाच्या प्रसंगात, नर्तकीभोवती बासरी, टाळ आणि तालवाद्यं घेतलेल्या बायका आहेत. त्या कोणासाठी पोज देऊन बसलेल्या नाहीत. माना कललेल्या, अंग लयीत, आणि सगळ्यांचं चित्त त्या एका नाचात.

चित्रकला शिक्षकांनी हा फरक वर्गात दाखवायला हवा. एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांच्या स्मरणचित्रात मुलं तंबोऱ्याला बाहुलीसारखं धरून बसलेली बाई काढतात, कारण तिचे हात कोणी त्यांना दाखवलेलेच नसतात. तंबोऱ्याची पहिली तार मधल्या बोटानं छेडतात, उरलेल्या तिन्ही तर्जनीनं. गाणारी तारांकडे बघत नाही. एवढं कळलं तरी मनगट आणि खांदा कागदावर आपोआप जागेवर येतात.

परभणी जिल्ह्यातल्या पोखर्णीच्या मुलांना तर लांब जायलाच नको. नृसिंहाचं देऊळ गावात, संत जनाबाईंचं गंगाखेड जवळ, भजनाला बसणाऱ्या आया-आज्या घरातच. वही-पेन्सिल देऊन मुलांना त्यांच्यासमोर बसवावं. चेहरा आणि लुगड्याचा काठ पहिल्या दिवशी काढूच देऊ नये. फक्त कोपरापासून बोटांपर्यंतचा हात, टाळांची दोरी बोटांना कशी गुंडाळली आहे, दोन टाळ भिडताना कोणता हात हलतो आणि कोणता स्थिर राहतो, तेवढंच काढायला सांगावं.